गाळलेल्या जागा

२०१५ पासून चार वर्षं, एप्रिलमधल्या आणि ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी मी संध्याकाळी साडेपाच वाजता पुस्तक उघडायची आणि रविवारी संध्याकाळी साडेपाचला मिटायची. साडेपाच ही वेळ मी निवडलेली नव्हती. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे आठ वाजतात, आणि सगळ्या जगानं एकाच क्षणी सुरुवात करायची असा नियम असल्यामुळे कुणाच्या वाट्याला पहाट येते, कुणाच्या मध्यरात्र. आपल्या वाट्याला भाजी आणायची वेळ आली. ड्यूई या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन वाचक बाईनं २००७ साली हे चोवीस तासांचं वाचन सुरू केलं. पुढच्याच वर्षी ती वारली. मग तिच्या सोबत्यांनी तिच्या नावानं ते चालू ठेवलं. कधीही न भेटलेल्या बाईच्या आठवणीत, कधीही न भेटणाऱ्या लोकांबरोबर रात्रभर वाचायचं, ही कल्पनाच मला फार आवडली होती.

तयारी आठवडाभर चालायची. पुस्तकांचा गठ्ठा लावणं हे वाचण्याइतकंच सुखाचं काम आहे, हे पुस्तकवेड्या माणसाला सांगायला नको. एक जाड कादंबरी, एक-दोन बारीक, पहाटे चारसाठी एखादं चित्रांचं पुस्तक, आणि कवितासंग्रह. (कवितासंग्रह दर वेळी गठ्ठ्यात असायचा आणि दर वेळी न उघडता परत कपाटात जायचा.) दशम्या, चिवडा, थर्मासभर कॉफी. घरच्यांना ताकीद दिलेली असायची की कुणी मेलं तरच हाक मारा.

मला याची गरज का वाटली ते सांगायला हवं. मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. बंगाली शिकले ती पंचविशीच्या आत, कोलकात्यात, यादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करताना. या धंद्यात दिवसाला चार पानं झाली तर तो दिवस चांगला गेला असं म्हणतात. त्याचा परिणाम असा झाला की चाळिशी गाठेपर्यंत मला साधं वाचता येईनासं झालं. कुठलंही पुस्तक हातात घेतलं की प्रत्येक वाक्याखाली माझं दुसरं वाक्य तयार व्हायला लागायचं. मराठी पुस्तकाचंही तेच. तिथं अनुवाद करायचा नसताना मी शब्द बदलून बघायची. पेन्सिल हातात नसली तर बोट चालायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत नांदेडच्या गच्चीवर पडून ‘फास्टर फेणे’ची तीन-तीन पुस्तकं एका दिवसात संपवणारी मुलगी कुठं गेली, असं वाटायचं. चोवीस तासांच्या धावपळीत पेन्सिल सुटेल, असा माझा हिशेब होता.

पेन्सिल सुटली, हे खरं. पण तिच्या जागी दुसरंच काही हातात आलं. दर काही तासांनी सगळ्यांनी आपली पानं कळवायची पद्धत होती. कुणी सहाशे कळवायचं, कुणी नऊशे. कुणी रागावत नसे, कुणी हिणवत नसे, उलट दोनशे पानांवर झोपी गेलेल्यालाही शाबासकी मिळायची. तरी आकडा तो आकडा. पहिल्या वेळी माझी तीनशे दहा पानं झाली. चौथ्या वेळेपर्यंत मी गठ्ठ्यातली पुस्तकं टाइपाचा आकार बघून निवडायला लागले होते.

आणि मग २०१८ चा ऑक्टोबर. रात्री अडीच-तीनच्या सुमाराला मी एक बंगाली कादंबरी हातात घेतली. लेखक हयात आहेत, म्हणून नाव सांगत नाही. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबाची गोष्ट, अडीचशेच्या आत पानं. सुरुवात झकास होती. मध्यावर आल्यावर मात्र घरातल्या मोठ्या सुनेच्या हिशेबाची वही सुरू होते. तारीख, तांदूळ, मोहरीचं तेल, रॉकेल, कोळसा, दूध. पुन्हा तारीख, पुन्हा तांदूळ. चाळीसेक पानं हेच. मी दोन पानं वाचली, मग पानाच्या वरच्या दोन ओळी आणि खालच्या दोन ओळी, मग नुसतीच पानं उलटली. वही संपली, गोष्ट पुढे लागली, मीही पुढे लागले. पहाटे पाचला पुस्तक संपल्याचं कळवलं. सोबत दोन वाक्यांचा अभिप्राय द्यायची चाल होती. मी लिहिलं, चांगली आहे, पण मध्ये रेंगाळते.

दोनेक वर्षांनी एका प्रकाशकाचा फोन आला. तीच कादंबरी मराठीत आणायची होती. मी वाचलेली आहे, असं मी अभिमानानं सांगितलं आणि काम घेतलं.

दिवसाला चार पानं या वेगानं त्या वहीपर्यंत पोचायला मला महिनाभर लागला. सुनेचा हिशेब आता मला एकेक शब्द करून लिहायचा होता. तांदूळ पाच शेर. तेल पाव शेर. दूध एक शेर. रोज एक शेर. असं दीड-दोन महिने चालतं, आणि श्रावणातल्या एका तारखेला दूध निम्मं होतं. बाकी काही बदलत नाही. तांदूळ तेवढाच, तेल तेवढंच. दुसऱ्या दिवशीही दूध निम्मंच, आणि मग वही संपेपर्यंत निम्मंच. पुढच्या सबंध कादंबरीत मोठ्या सुनेच्या धाकट्या लेकराचा उल्लेख नाही. ते गेलं, असं कुठंही लिहिलेलं नाही. लेखकानं ते फक्त त्या दुधात सांगितलं आहे.

मी उठले, पाणी प्यायले, आणि पुन्हा येऊन बसले. पुढची पानं चाळून बघितली. शेवटी ती सून ज्या घरात पाऊल टाकायला नकार देते, ते का, हे मला २०१८ साली कळलंच नव्हतं. मला तो तिचा तऱ्हेवाईकपणा वाटला होता. माझी चूक कुणालाही कळणार नव्हती, लेखकांना तर नाहीच. पण ‘रेंगाळते’ हा शब्द मी लिहिला होता, आणि ज्या बाईनं आपलं मूल गेल्याच्या दिवशीही हिशेब लिहिला तिच्याबद्दल लिहिला होता.

निम्म्या शेराला मराठीत शब्द हवा होता. ‘अर्धा शेर’ चाललं असतं, पण ते कोशातून आणल्यासारखं वाटत होतं. नांदेडला आईला फोन केला. गवळी दूध घालायचा तेव्हा अर्ध्या शेराला काय म्हणायचीस गं?

“अच्छेर,” ती लगेच म्हणाली. मग थोडं थांबून, “का? कुणाकडं कमी झालं दूध?”

मी त्यानंतर ऑक्टोबरच्या त्या वाचनाला बसले नाही. शपथ वगैरे घेतली नाही. गठ्ठा लावावासा वाटला नाही, इतकंच.

त्या काळात मला वारंवार कॉलेजातलं एक वाचन आठवायचं. मराठवाड्यात वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. बाबासाहेब आंबेडकर रोज अठरा तास अभ्यास करत, म्हणून त्यांच्या जयंतीच्या निमित्तानं महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत आणि विद्यापीठांत सलग अठरा तास वाचन होतं. सकाळी सहा ते रात्री बारा. आमच्याकडे अभ्यासिकेत सतरंज्या आणि लांब टेबलं मांडलेली असत, भिंतीशी बाबासाहेबांचा फोटो, आणि दाराशी एक रजिस्टर, त्यात यायची वेळ आणि जायची वेळ लिहून सही करायची. नांदेडचा एप्रिल, पंखे होते-नव्हते सारखेच. मला तिथं माझी एक मैत्रीण घेऊन गेली. घरून निघताना बाबांनी विचारलं होतं, “जयंतीचं आहे ना ते?” नाही म्हणाले नाहीत, पण त्या प्रश्नात जे होतं ते मला तेव्हाही कळलं होतं आणि मी काहीच उत्तर न देता चप्पल घातली होती.

मी खांडेकरांची ‘ययाति’ घेऊन गेले होते. आजूबाजूला सगळे क्रमिक पुस्तकं, स्पर्धा परीक्षांची गाइडं, नाहीतर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ घेऊन बसलेले. माझ्यासारखी कादंबरीवाली दुसरी कुणी दिसेना, म्हणून मी मुखपृष्ठ खाली करून वाचत होते. दुपारी पेंग यायला लागली की स्वयंसेवक मुलं मागून येऊन खांद्यावर हात ठेवायची. बोलायची नाहीत, फक्त हात ठेवायची. संध्याकाळी केळी आणि चहा. मैत्रिणीनं सबंध दिवस अर्थशास्त्राची दोन प्रकरणं वाचली. तीच दोन, तीनदा. मी तिला म्हटलं, एवढ्या वेळात अख्खं पुस्तक झालं असतं की.

ती म्हणाली, “आमच्या घरात एक खोली आहे आणि सात माणसं. भाऊ पहाटे कामाला जातो, म्हणून नऊला दिवा बंद. आज पहिल्यांदा एक गोष्ट कळेपर्यंत वाचायला मिळाली. तू का मध्येच पानं मोजायलीस?”

रजिस्टरात पानांचा रकाना नव्हता, हे मला पुष्कळ वर्षांनी लक्षात आलं. रात्री बाराला सगळे उभे राहिले, जयभीम झाला, आणि तिचा भाऊ, तोच पहाटे कामाला जाणारा, सायकल घेऊन दाराशी उभा होता. आधी मला घरी सोडलं, मग ते दोघं गेले. मैत्रीण पुढे बँकेत लागली. अजून फोन येतो तिचा.

नांदेडला वाढण्याचा आणखी एक फायदा. सचखंड हुजूर साहिब गुरुद्वारा गावातच असल्यामुळे अखंड पाठ म्हणजे काय हे लहानपणीच ठाऊक होतं. गुरू ग्रंथसाहिबाची १४३० पानं सुमारे ४८ तासांत, न थांबता, मोठ्यानं. एक पाठी थकण्याआधी दुसरा येऊन शेजारी बसतो, आणि आवाज न तुटता आवाज बदलतो. आपल्या नामदेवांची पदंही त्यात आहेत, पण ती कधी येतील याची वाट बघत बसण्याइतका धीर आम्हा पोरांना नव्हता. आमचं लक्ष लंगरकडे. अमेरिकेत न्यू बेडफर्डच्या व्हेलिंग म्युझियममध्ये दर जानेवारीत ‘मोबी डिक’ असंच आळीपाळीनं मोठ्यानं वाचतात, सुमारे पंचवीस तास. त्या कादंबरीचा बत्तिसावा अध्याय म्हणजे देवमाशांच्या जातींची यादी, आणि एकट्यानं वाचणारे बहुतेक लोक तो गाळतात. मी गाळला होता. तिथं मात्र ज्याच्या पाळीला तो येतो त्याला तो वाचावाच लागत असणार. पुढ्यात माणसं बसलेली असतात.

हे सगळं डोक्यात होतं म्हणूनच असेल, गेल्या मार्गशीर्षात आईनं विचारलं तेव्हा मी हो म्हणाले.

आमच्या घरी दत्तजयंतीच्या आधी गुरुचरित्राचा सप्ताह असायचा. बाबा बसायचे. सोवळं, एकवेळचं जेवण, जमिनीवर झोप, आसनावर बसल्यावर मध्ये बोलायचं नाही की उठायचं नाही, आणि समोर दत्तमहाराजांसाठी एक रिकामा पाट. आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसायची, घेवड्याच्या शेंगा निवडत, वाती वळत. पोथीला तिनं कधी हात लावला नाही. बायकांनी गुरुचरित्र वाचू नये, असं आमच्याकडे मानत. अजूनही पुष्कळ घरांत मानतात. चाळीसेक वर्षं तिनं ते ऐकलं.

बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. आईच्या डोळ्यांच्या पडद्याचा विकार वाढत चालला आहे. मधलं दिसत नाही, कडा दिसतात. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही, असं ती हसत सांगते. ती म्हणाली, “यंदा सप्ताह करू. तू वाच.”

“मी? माझा विश्वास कुठं आहे? आणि बायकांनी वाचायचं नसतं ना?”

“ऐकायचं नसतं असं कुणी सांगितलं नाही. वाचणारी तू. दोष लागला तर तुला लागंल. तुझा विश्वास नाही, मग तुला काय होणाराय?”

या युक्तिवादाला माझ्या एम.ए.त उत्तर नव्हतं.

सात हजारांवर ओव्या सात दिवसांत. वाटणी मजेशीर आहे, सारखी मुळीच नाही. पहिल्या दिवशी नऊ अध्याय, दुसऱ्या दिवशी एकविसाव्यापर्यंत, मग एकोणतीस, पस्तीस. पाचव्या दिवशी तीनच अध्याय, कारण छत्तिसावा संपता संपत नाही. मी अनुवादकाच्या नजरेनं वाचत होते, ते सुटायचं नाहीच. सरस्वती गंगाधर हा कन्नड घरातला माणूस, मराठी आपली भाषा नाही हे तो सुरुवातीलाच सांगून टाकतो, आणि तरी सबंध ग्रंथ मराठीत रचतो. एखाद्या ओवीत क्रियापद अवघडून उभं राहिलेलं दिसलं की मला आपुलकी वाटायची. परक्या भाषेत अवघडून उभं राहणं मला यादवपूरपासून माहीत आहे. मोठ्यानं वाचण्याची सवय मात्र नव्हती. पहिल्या दिवशी दोन तासांत घसा बसला. आई खुर्चीत, डोळे मिटून. मध्येच ओठ हलायचे, आणि ते माझ्या आवाजाच्या किंचित पुढे असायचे.

चौथ्या दिवशी तिसावा अध्याय लागला. माहूरची मुलगी, सावित्री. माहूर आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे आईला ती शेजारची वाटते. नवऱ्याला क्षय झालेला, त्याला घेऊन ती गाणगापूरला निघते आणि पोचता पोचता तो मरतो. मग एक योगी येऊन तिला उपदेश करतो. एकतिसाव्यात पतिव्रतेनं कसं वागावं ते. बत्तिसाव्यात विधवेनं कसं वागावं ते.

मला हे येणार याची कल्पना होती, पण इतकं पुढ्यात येईल असं वाटलं नव्हतं. एकदाच जेवावं, पलंगावर निजू नये, केस राखू नयेत. माझ्यासमोर दोन फुटांवर आई बसली होती, हिरव्या काठाची साडी नेसून, पाठीशी उशी, सकाळपासून दोनदा चहा झालेला. मी ओव्यांवरून नजर पुढे नेली. किती आहेत त्याचा अंदाज घेतला, जिथून कथा पुन्हा सुरू होते ती जागा हेरली, आणि श्वास न तोडता तिथं उडी मारली. सांधा चांगला जमला होता. हे काम मला येतं. नजरेनं वाचणाऱ्याला तो दिसला नसता.

“थांब,” आई म्हणाली. “काय गाळलीस तू?”

वाचताना बोलायचं नसतं. मी बोलले. “काही नाही.”

“काही नाही कसं? तो योगी अजून सगळं सांगायचाय तिला.”

“आई, ते ऐकायलाच पाहिजे का? कशाला उगीच.”

तिनं डोळे उघडले आणि माझ्याकडे, म्हणजे माझ्या कानाच्या बाजूला कुठंतरी, बघितलं. “इथं तुझे बाबा आवाज बारीक करायचे. दर वर्षी. मला कळायचं. पण गाळायचे नाहीत.” मग म्हणाली, “तेव्हा ते दुसरीचं होतं तर ऐकलं मी सगळं. आता का नको? मी काय त्यातलं करायले का? उशी घेऊनच बसले की. मागं जा.”

मी पान मागे उलटलं. योग्यानं जिथं बोलायला सुरुवात केली होती ती ओवी सापडायला थोडा वेळ लागला. वाचायला लागले. चार-पाच ओव्या झाल्यावर माझाही आवाज आपोआप खाली गेला असावा.

“मोठ्यानं,” आई म्हणाली. “मला आता ऐकू पण कमी येतंय.”